दुसऱ्या बाजूची बटणं

पनवेल,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादूस,

तुला आणि निशावहिनीला नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर बाबांचं नाव निघालं की लगेच तुझी शिफ्ट सुरू होते, म्हणून म्हटलं कागदावर लिहावं. कागद मध्येच कट करता येत नाही.

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. डोक्यावरून विमानं जायला लागलीत, आणि आई प्रत्येक विमानाकडे बघून मला विचारते, "कुटं चालले गो ह्ये?" जशी काही मी तिकिटं फाडते. माझी खारघरची नोकरी चालू आहे. विम्याचे अर्ज तपासायचे, डबा खायचा, घरी यायचं.

आता खरी बातमी. मी व्हिडिओ गेम बनवते आहे. हसलास ना? माहीत होतं मला.

जुना लॅपटॉप घेतला, फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर टाकलं आणि यूट्यूबवर बघून बघून शिकते. पहिल्या दिवशी जमीन काढली, तिच्यावर माणूस ठेवला आणि बटण दाबलं. माणूस जमिनीतून आरपार खाली गेला. जमीन नुसती दिसून चालत नाही, ती पायाला लागते हेही कॉम्प्युटरला वेगळं सांगावं लागतं. तो निळ्या आभाळात पडतच राहिला. मी बंद करणार होते, पण इतका शांत पडत होता की बघत बसले.

सगळे सांगतात, नवशिक्याने उड्या मारणारा माणूस करावा, त्याला नाणी गोळा करू द्यावीत. मी बसले आणि हातातून आपलं मिठागर उतरलं. आता तिथे भराव टाकून काय काय उभं राहिलंय, तुला ठाऊक आहे. माझ्या खेळात मात्र बांध आहेत, पाण्याचे चौकोन आहेत, पांढऱ्या राशी आहेत. वाऱ्याचा आवाज आपल्या टेबल फॅनचा आहे. एक बगळा राशीतून आरपार उडतो, त्याला रास अजून लागत नाही. राहू दिलाय. वेळ पुढे कशी सरकवायची ते मी शिकलेच नाही, त्यामुळे तिथली संध्याकाळ संपत नाही. सूर्य खाडीवर वीतभर उंच आहे, आणि पाणी गुलाबी. कधी कधी मी काही करतच नाही, नुसती त्या बांधावरून चालते. ऑफिसचा सगळा शीण जातो.

खेळ आहे आट्यापाट्यांचा. मीठ काढून झालं की रिकाम्या आगरात बाबा आपल्याला खेळवायचे तोच. एकाने बांधावर हात पसरून उभं राहायचं, बांध सोडायचा नाही. दुसऱ्याने त्याला हुलकावणी देऊन पलीकडे जायचं आणि मूठभर मीठ घेऊन परत यायचं. बांधावरच्या माणसाला आपोआप हलवायचं, म्हणजे कॉम्प्युटरला खेळायला शिकवायचं, हे माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. ऑनलाइन जोडणं तर त्याहून अवघड. म्हणून माझा खेळ दोघांनी एकाच कीबोर्डवर, शेजारी शेजारी बसून खेळायचा आहे. पळणाऱ्याला बाणांची बटणं, बांधावरच्याला डाव्या बाजूची दोन.

बांधावरचा माणूस मी असाच काढला होता. एक खांदा उतरलेला, मान जराशी वाकडी, शर्ट अर्धा खोचलेला. आईने बघितलं आणि म्हणाली, "ह्यो तं परेश." मी म्हटलं, छे, दादूस कशाला, कुणीही आहे तो. ती भाकऱ्या थापायला गेली.

मग एक दिवस बाबा चष्मा शोधायच्या निमित्ताने आले. चष्मा डोळ्यांवरच होता. मी त्यांना बाणांची बटणं दाखवली. पटकन शिकले. माणसाला चालवत बांधापाशी आणलं आणि थांबले. मी म्हटलं, जा ना पुढे, त्या बाजूला कोणी नाहीच आहे, तो हलणार नाही.

"उब्या मानसाला काय फसवाचा गो?" म्हणाले.

मी म्हटलं, मग मी खेळते तिकडून. तर म्हणाले, "तू नको. तू हलवलास तं त्यो तुज्यासारका हलल."

तेव्हापासून रोज चहा झाला की लॅपटॉप मागतात. माणसाला बांधापाशी आणतात आणि तसेच बसून राहतात. पडद्यावर ते दोघं समोरासमोर, तो टेबल फॅनचा वारा, आणि न मावळणारा सूर्य. थोड्या वेळाने "बंद कर" म्हणतात आणि दूध आणायला जातात. दादूस, मला ते बघवत नाही.

तू न सांगता लग्न केलंस. तुझ्या हळदीला सगळा गाव जेवायला घालायचा हे त्यांनी तू शाळेत असल्यापासून ठरवलेलं, ते राहून गेलं. नंतर बोलावलंस तर ते आले नाहीत, म्हणून तू घरी यायचं सोडलंस. दोघांचंही खरं आहे. पण मला मध्ये बसवून न्याय करायला लावू नका, मी वैतागले आहे.

आता एक सांगते, ते तुझ्यापाशीच ठेव. बांधावरच्या माणसाला आपोआप हलवायचं मला आता येतं. शिकले. गुपचूप करून बघितलं, तर चांगला खेळतो, मला हरवतो. पण खेळात ते मी घातलं नाही. बाबा विचारतात, "जमला का गो?" मी म्हणते, अजून नाही, लय अवघड आहे. ते म्हणतात, "घाय नाय." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकते आहे.

पत्र लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की तुमच्या नव्या घराचा पत्ताच माझ्याकडे नाही. तुला विचारला असता तर कशाला म्हणून डोकं खाल्लं असतंस. आईला विचारला, तिला माहीत नाही. बाबा लॅपटॉपसमोर होते. मान वर न करता म्हणाले, "उरन. मासली बाजाराच्या मागं निली बिल्डिंग हाय. तिसरा माला."

मी विचारलं, तुम्ही कधी गेलात?

"गेलतू दोन-तीनदा."

वर गेलात?

"नाय, खालूनच. ग्यालरीन शर्ट वालत व्हता त्याचा."

मग?

"मंग आयलू," म्हणाले.

पाकिटावर पत्ता त्यांनी सांगितला तसाच घातलाय. पत्र तुझ्या हातात पडलं असेल तर तो बरोबर आहे असं समज. मी त्यांना काही बोललेले नाही, तूही काही बोलू नकोस. माफी नको, समजावणं नको. येत्या रविवारी वहिनीला घेऊन ये, चहा झाला की त्यांच्या डाव्या हाताला बस आणि तुझी दोन बटणं दाब.

तुझ्या घराखालून परत आलेल्या माणसाची मुलगी,
समू