गालावरची चार टिंबं

॥ श्री ॥
मुंबई, १२ सप्टेंबर १९५७

ती. सौ. नंदावहिनीस शामकलेचा शि. सा. न. वि. वि.

दादा धान पाहायला घरी पोचला असेल. तो गेल्यावर मी कितीतरी वेळ खाटेवर तशीच बसून होते. धर्मशाळेच्या या खोलीत बायका पुष्कळ आहेत, पण आपल्याकडची बोली बोलणारी एकही नाही. शाळेत मुली दिवसभर बाई बाई करून माझं डोकं उठवायच्या. आता वाटतं, एखादीने यावं आणि उठवावं.

गालातल्या गाठीवर शेक सुरू झाला. किरणांना इथे सगळे शेकच म्हणतात, पण ऊब लागत नाही. गालावर जांभळ्या शाईची चौकट आखली आहे. डॉक्टरसाहेब म्हणाले, ही चौकट म्हणजे किरणांचा पत्ता, ती पुसली तर किरण भलत्याच घरी जातील. म्हणून गालाला साबण नाही, तेल नाही. आरसा मी पाहातच नाही.

घाबरते ती एकाच गोष्टीला. मला फळीवर निजवतात, मान हलू नये म्हणून वाळूच्या पिशव्या लावतात, मग सगळे बाहेर जातात आणि जाड दार लागतं. दादाने हात धरून आत बसतो म्हणून विनवलं होतं, पण निरोगी माणसाने त्या खोलीत थांबायचं नसतं. यंत्र घुमत असतं तेवढा वेळ, वहिनी, या जगात माझं कोणीच नाही असं वाटतं.

तुम्ही ती तंबाखूची गुडाखू दातांना घासणं सोडलं का? माझ्या गालाकडे पाहून तरी सोडा.

लोभ असू द्या, आणि पत्र जरा मोठं असू द्या.
तुमची शामकला


॥ श्री ॥
तिरोडा, १ ऑक्टोबर १९५७

चि. शामकला हिस नंदाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. ह्यांनी मोठ्याने वाचलं, मग मी एकटीने वाचलं. माझं अक्षर पाहून हसू नको, शिकवणारीच तशी मिळाली. गुडाखूची डबी धानाच्या बांधीत फेकली. दुसऱ्या दिवशी निंदण करणाऱ्या गड्याला सापडली, त्याने इमानाने आणून दिली. परत फेकली.

दुसऱ्या फेरीच्या आधी कातडीला विसावा म्हणून डॉक्टर तुला घरी सोडणार, हे ह्यांच्याकडून कळून जिवात जीव आला. दिवाळीला ये. दिवाळीमागून आपल्याकडची मंडईची जत्रा भरेल, रात्रभर दंडारीचा खेळ होईल, तू पडवीत बसून पाहा. कोणी गालाकडे पाहिलं तर मी आहे. कोणाच्या बापाचं काय खाल्लं आपण, म्हणून घाबरायचं?

तुझी खाट झाडून ठेवली आहे. मांजर त्यावर निजते, तिला सांगितलं आहे की मालकीण येते.

माया आहे ती आहेच, लिहून काय दाखवू.
नंदाबाई


॥ श्री ॥
मुंबई, ९ नोव्हेंबर १९५७

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

हे पत्र दादाला आधी वाचू देऊ नका.

नरकचतुर्दशीला तुम्ही गाल सोडून मला तेल-उटणं लावलंत, तरी तेल ओघळायचं ते ओघळलंच. चौकट पुसट झालेली पाहून आपल्या दोघींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मंडईत ती गोंदणारी दिसली तेव्हा तुम्ही म्हणालात, गोंदण मेल्यावरही सोबत जातं, मग शाईचा भरवसा कायले? चार कोपऱ्यांवर चार टिंबं. युक्ती मलाही इतकी पटली की गाडीत खिडकीच्या काचेत पाहून मी खूश होत होते. डॉक्टरसाहेब शाबासकी देतील असंच वाटलं.

शेकाने भाजलेल्या कातडीला सुई लावायची नसते, वहिनी. गाल सुजला आणि पिकला. साहेब रागावले नाहीत, नुसते कपाळाला हात लावून बसले. जखम सुकेपर्यंत शेक बंद. आतली गाठ मात्र शेकासाठी थांबत नाही. महिन्याभरात सुकलं नाही, तर गाल कापावा लागेल. कापला की बोलणं धड राहणार नाही. बोबडी मास्तरीण कोणाला हवी? मुली तोंडावर हसणार नाहीत, पाठीमागे हसतील, आणि त्यांचं तरी काय चुकलं.

तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. गाल सुईखाली मीच धरला होता. पत्र मात्र लिहा. दिवसभर काम नाही, शेक नाही, नुसतं सुकायची वाट पाहायची. फार एकटं वाटतं.

विसर पडू देऊ नका.
शामकला


॥ श्री ॥
तिरोडा, २५ नोव्हेंबर १९५७

चि. शामकलेस आशीर्वाद.

कापणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, नाहीतर मीच आलो असतो. तुझं पत्र मी वाचलं. वाचू नको लिहिलं होतंस, पण तुझ्या वहिनीनेच हातात दिलं आणि आत निघून गेली.

ती लिहीत नाही. मी टाक हातात दिला तर म्हणते, याच हाताने घात केला, तो काय लिहिणार. गेल्या आठवड्यात न सांगता शेजारगावच्या मंडईला गेली. तेव्हापासून पदर तोंडावर ओढून असते, दात दुखतो म्हणते. काल चुलीपाशी पदर सरकला, डावा गाल सुजलेला दिसला. तिनेही वर्षानुवर्षं गुडाखू घासली आहे. मला भलतंच भय वाटतं. कोणाजवळ बोलू? तुझ्याजवळच बोलतो.

तब्येत जप.
भोजराज


॥ श्री ॥
मुंबई, ६ डिसेंबर १९५७

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

आधी तुमचं. दात असो नाहीतर काही असो, दादाबरोबर गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात जा. माझ्यासारखं लपवत बसू नका. मी वर्षभर लपवलं, त्याचं हे फळ. दादाचं पत्र आल्यापासून मला झोप नाही.

माझं बरं आहे. जखम सुकली. काल साहेबांनी नवी चौकट आखली. तुमची दोन टिंबं अगदी कोपऱ्यावर आली, दोन मात्र बोटभर चुकलेली. साहेब म्हणाले, गोंदणारीला अर्धेच गुण. मी हसले, दुखेपर्यंत हसले. सोमवारपासून रोज सकाळी दहाला शेक पुन्हा सुरू. गाठ वाढलेली नाही, पण आता मध्ये खंड पडला तर कापण्यावाचून उपाय नाही असं त्यांनी बजावलं आहे. म्हणून पळून येता येणार नाही, नाहीतर आजच गाडीत बसले असते. त्या दाराची भीती अजून गेलेली नाही.

एक ओळ तरी लिहा. तुमच्या गालाचं काय ते खरं लिहा.
तुमची शामकला


॥ श्री ॥
तिरोडा, १२ डिसेंबर १९५७

चि. शामकलेस नंदाबाईचे पोटभर आशीर्वाद.

खरं लिहिते. मला रोग नाही. ह्यांनी मला बैलगाडीत घालून स्टेशनवर नेलं आणि गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरसमोर उभं केलं, तेव्हा पदर काढावाच लागला. डॉक्टर पाहातच राहिले. हे तर तिथेच, लोकांसमोर, रडले. लग्न झाल्यापासून मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तुझं ते पत्र वाचून मनात एकच आलं. तुझा गाल नासवून आपला गाल चांगला घेऊन कशी बसू? म्हणून त्याच गोंदणारीला शोधत शेजारगावी गेले. तिला म्हटलं, माझ्या नणदेला टाकलीस तशीच चार टिंबं टाक, डाव्या गालावर, जरा इकडे नको, तिकडे नको. बाई मला वेडी समजली. गाल आठ दिवस सुजला, आता उतरला.

तुझी दोन चुकली म्हणतेस, तर माझीही तीच दोन चुकली. गावातल्या बायका विचारून राहिल्या की हा कोणता नवा नमुना. मी सांगते, आमच्या घरचा आहे.

तू म्हणतेस त्या खोलीत निरोगी माणसाला येऊ देत नाहीत. नको येऊ देऊ. दार लागलं की गालाला हात लावता येत नसेल, तर नुसती आठवण कर. मी रोज त्या वेळेला इथे चुलीपाशी गालावर हात ठेवून बसते. भात करपला तर करपला.

तुझ्या खाटेवर मांजराला पिल्लं झाली आहेत. तू येईस्तोवर त्यांना राहू देते.

तुझ्यासारख्याच गालाची,
नंदाबाई