थंडीतल्या माशांना घातलेली पोळी

अण्णा, महिना झाला, हौदावर बर्फ धरला नाही. तुम्ही म्हणाल, हौदावर बर्फ कसला. तुमची मुलगी सध्या ऑस्ट्रेलियात आहे. कॅनबेरा म्हणून गाव आहे, राजधानी आहे म्हणे, पण दुपारी रस्त्यावर बघाल तर माणूस दिसायचा नाही. माझा मुलगा, ज्याला तुम्ही खांद्यावर बसवून तळी दाखवत फिरायचात, तो इथे सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करतो. सून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आणि त्यांची एक मुलगी, नऊ वर्षांची, तिच्याबद्दल लिहायला बसले तर ही वही पुरणार नाही. वहीसुद्धा तिचीच आहे, कडेला ससे छापलेत. मी मागितली तर म्हणाली, "आजी, यू कॅन राइट?" मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकलेय, हळूहळू लिहिते. तर तिनं मला खोडरबरही दिलं. अशी आहे.

इथे सगळं उलटं आहे. जून-जुलैत थंडी, आणि आता सप्टेंबरात झाडं पिवळीधमक फुललीत. मी जूनमध्ये आले तेव्हा घरात हीटर लावून बसायचे, पायात दोन-दोन मोजे. मागच्या अंगणात एक पाँड आहे. ही लोकं पाँड म्हणतात, मला तर तो हौदच वाटतो, आपल्या बैलाच्या पाण्याच्या हौदाएवढा, फक्त जमिनीत पुरलेला. त्यात नातीचे चार मासे होते. शोभेचे, केशरी, खायचे नाहीत. सकाळी बघावं तर वर काचेसारखा बर्फ, आणि खाली चौघं तळाला टेकून, हलत नाहीत की डुलत नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं मेलेच. नात हसली. म्हणाली, "दे आर स्लीपिंग, आजी." तिनं मला सगळं शिकवलं. बर्फ काठीनं फोडायचा नाही, मासा दचकून मरतो. गरम पाण्याचं पातेलं वर ठेवायचं, आपोआप भोक पडतं. ते पातेलं ठेवायचं काम तिनं मला दिलं, शाळेत जायच्या गडबडीत तिला जमत नाही म्हणून. पाण्यात एक तरंगणारं थर्मामीटर आहे, ते दहाच्या खाली असेल तर खायला घालायचं नाही. फ्रिजवर तिनं मासा काढून त्यावर फुली मारून कागद चिकटवला होता, मला इंग्रजी येत नाही म्हणून चित्र. शाळेला जाताना रोज दारातून ओरडायची, "आजी, डोन्ट फीड देम, ओके?" आणि मी म्हणायची ओके. ओके म्हणायला मी एका आठवड्यात शिकले.

आणि अण्णा, मला हे तिनं शिकवायची गरज नव्हती. मला हे तुम्ही शिकवलं होतं. तुमचं ते धरणाखालचं मत्स्यबीज केंद्र, ओळीनं खणलेली चौकोनी तळी, बांधावर तुमची सायकल. आई जाऊन वर्ष झालेलं, मी दहाची असेन, चूल माझ्याकडे आली तशी शाळा सुटली. दुपारी तुमची भाकरी घेऊन यायचे. भाकरी माझी तेव्हा कुठे गोल व्हायची, कडा करपलेल्या आणि मध्ये कच्ची, आणि तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत, फक्त पाणी जास्त प्यायचात. त्या दिवशी पौषातली थंडी होती. उरलेली भाकरी मी कुस्करून पिलांच्या तळ्यात टाकली. बिचारी उपाशी असतील म्हणून. तुम्ही बांधावरून आलात आणि माझा हात धरून पाण्यात बुडवलात. मी रडायला लागले, एवढं गार. तुम्ही म्हणालात, "गार आहे ना? माशाचं पोट एवढंच गार आहे. त्यात पडलेलं तसंच राहतं. आणि पोटात नाही गेलं तर तळाला कुजतं." मग तुम्ही धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरलात आणि चाळणीनं एकेक तुकडा काढलात, मी काठावर हुंदके देत उभी. संध्याकाळी जाळ्याच्या फाटक्या तुकड्याची, बांबूच्या कड्याची एक छोटी जाळी करून माझ्या हातात दिलीत. 

तर मला माहीत होतं. तरी मी घातलं.

दहा वाजता बर्फ वितळायचा. घरात कोणी नसायचं. मी पोळ्या करून, भांडी त्या यंत्रात न टाकता हातानं घासून, शाल गुंडाळून हौदाच्या काठावर खुर्ची टाकून बसायची. बोलायला कोण? शेजारची गोरी बाई हात करायची, मी हात करायची, झालं. मग मी माशांशी बोलायची. आणि बोलता बोलता कधी पोळीचा तुकडा टाकायला लागले ते कळलं नाही. ते खायचे नाहीत हो. तुकडा त्यांच्या तोंडाशी जाऊन खाली बसायचा. मी म्हणायची, मी उठून गेल्यावर खातील, लाजत असतील. दुसऱ्या दिवशी तुकडे तळाच्या गाळात मिसळून दिसेनासे झालेले असायचे, म्हणून मी धरून चालायची की खाल्लं. पूर्ण दोन महिने. माझ्या हातचं कोणी न खाता उपाशी बसलंय हे मला बघवत नाही, ही माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. मुलालाही ठाऊक आहे. तो ताटावर हात आडवा धरतो तरी मी बोटांच्या फटीतून भात सोडते.

ऑगस्टच्या शेवटी चार दिवस एकदम ऊन पडलं. बर्फ धरायचा थांबला, पाण्याचा गारठा उतरला आणि वास सुटला. शनिवारी सकाळी नात नाइटड्रेसवरच बाहेर गेली आणि तिथूनच बापाला हाक मारली. दोन मासे वर आले होते, आडवे. त्यातला एक तिचा लाडका, पांढऱ्या शेपटीचा. मुलानं जाळीनं तळाचा गाळ काढला, काळा, बुळबुळीत. सून नाक धरून म्हणाली, "अरे, पानं कुजलीत सगळी. ऑटमला काढायला सांगितली होती ना हिला?" पानं काढणं हे नातीचं काम होतं. पोरगी तिथंच ओल्या गवतात बसली आणि म्हणाली, "इट्स माय फॉल्ट. आय फरगॉट. आय किल्ड देम." असं म्हणून जी रडायला लागली. रडतानाही ती त्या माशाच्या अंगावरचा चिखल बोटानं पुसत होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात तिच्यासाठी केलेलं दूध. मुलगा म्हणत होता, "नो वरीज बेटा, होतं असं." सगळं मिटणार होतं. अजून दोन मासे आणले असते, पोरीला एक आइस्क्रीम दिलं असतं, आणि जन्मभर ती म्हणत राहिली असती की माझे मासे माझ्यामुळे मेले. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. मला गप्प राहता येतं, ते मी एकदा करून बघितलेलं आहे.

मी म्हटलं, "ती पानं नव्हेत. ती पोळी आहे. मी घातली, रोज."

मुलगा म्हणाला, "आई, तुला सांगितलं होतं ना." सून पाइप आणायला गेली. नात मात्र माझ्याकडे बघत राहिली, रडणं थांबवून. म्हणाली, "बट यू सेड ओके. एव्हरी डे यू सेड ओके."  दोन दिवस ती माझ्या शेजारी झोपली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून आली, माझा हात धरून हौदाशी घेऊन गेली, ते थर्मामीटर पाण्यातून काढून माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली, "हे बघ आजी, ट्वेल्व. आता चालतं. पण पोळी नाही, आणि मी घरी असतानाच." उरलेल्या दोघांना आम्ही चिमूटभर दाणे घातले. ते वर आले आणि त्यांनी गपागपा खाल्ले. काय ते तोंड उघडतात अण्णा, अगदी नळावरची भांडणारी बाई. आम्ही दोघी हसलो. मला एवढं बरं वाटलं की मी त्याच रात्री ठरवलं, आता वहिनीलाही सांगून टाकायचं.

वहिनीचं काय ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही गेल्यावरचं आहे ते. तुमचं अर्धं अंग गेलं होतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि बजावून सांगितलं, तोंडावाटे थेंबभरसुद्धा द्यायचं नाही, गिळता येत नाही, छातीत जाईल. रात्री वहिनी बसायची, दिवसा मी. नवव्या दिवशी वहिनी माझ्यासाठी घरून डबा आणून दवाखान्याच्या व्हरांड्यात पडली होती, रात्रभर जागलेली. डब्यात भाकरी आणि दूध. मी कालवत होते. तुमचे डोळे उघडे होते. नऊ दिवस तुमच्या तोंडात काही गेलं नव्हतं. मी चमच्यानं तुम्हाला दोन घास भरवले. मग तो ठसका लागला, तो थांबेचना. मी डॉक्टरांना बोलवायला धावले; दादा धावत आला तेव्हा तुमच्याजवळ वहिनी होती. चादरीवर भाकरीचा कण होता आणि डबा वहिनीचा. आदल्याच दिवशी ती म्हणाली होती, असं उपाशी ठेवतात का माणसाला. दादानं तिच्याकडे बघितलं. "तू भरवलंस?" ती नाही म्हणाली. डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं, मीही नाही म्हणाले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

त्याला चौतीस वर्षं झाली. दादानं तिच्यावर विश्वास ठेवला नाही. एरवी भला माणूस, पण भांडण झालं की शेवट तिथंच यायचा, म्हाताऱ्याला घास भरवून मारलंस. माझ्यासमोर म्हणाला आहे. मी पदर सारखा करत उठून आत गेले आहे. दादा गेल्या वर्षी गेला.

वहिनी दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. तिला फोन धरता येत नाही, नुसतं कपाळ आणि मागचा पंखा दिसतो. "वन्सं, जेवलात का? काय केलं होतं?" असं सुरू होतं, मग तिचे गुडघे, मग शेजारणीची सून. त्या रविवारी मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, "वहिनी, अण्णांना त्या दिवशी मी भरवलं होतं."

तिकडे टीव्ही चालू होता. तिनं तो बंद केला, एवढं ऐकू आलं. मग म्हणाली, "तुम्ही?"

"हो."

"का भरवलंत?"

"ते मागत होते, वहिनी. डोळ्यांनी मागत होते."

 मग तिनं फोन नीट धरला, चेहरा पूर्ण दिसला, पहिल्यांदाच. म्हणाली, "हे होते तोवर तरी सांगायचं होतं, वन्सं. हे तेच मनात घेऊन गेले." आणि म्हणाली, "ठेवते, दूध चुलीवर आहे." तिच्याकडे आता गॅस आहे. फोन ठेवला. त्याला तीन रविवार झाले. मी फोन हातात घेऊन बसते, लावत नाही. नात विचारते, "आजी, हू आर यू वेटिंग फॉर?" मी म्हणते, कोणाची नाही गं, चल, मासे बघू.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये हे मला कळतं. पानं फाडून घेईन आणि वही तिला परत देईन. पण लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, आणि इतकी पानं झाली तरी ती लिहिली नाही. तुम्ही मागत नव्हतात, अण्णा. डोळे उघडे होते एवढंच. पहिला चमचा मी ओठांशी नेला तेव्हा तो आत गेला, कसा ते मला माहीत नाही. दुसऱ्याला तुम्ही तोंड मिटलंत आणि मान भिंतीकडे केलीत, जेवढी हलली तेवढी. मी तुमची हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं. वहिनीला मी हे सांगितलेलं नाही.