शोभाचं वजन

सोम. ४ डिसें. १९७२, मिरजगाव
दुष्काळात पोरं किती वाळली ते बघायला शाळेत नगरहून सरकारी डॉ. आले, वजनकाटा घेऊन. सगळी काटकुळी. माझ्या पाचवीच्या वर्गातली शोभा, पेठेतल्या किराणा दुकानदाराची, काट्यावर चढली तसे डॉ. थबकले. "हिचं फार आहे. गोड, तळलेलं बंद. रोज व्यायाम." वर्गात हशा. खाली बघत उतरली बिचारी.

बुध. ६
प्रार्थनेनंतर शोभाला एकटीला मैदानाला फेऱ्या. पोरं टाळ्या पिटत होती. हेडमास्तरांना म्हटलं, व्यायाम सांगितलाय, तमाशा नाही. "बाई, सरकारचं सांगणं आहे."

सोम. ११
गुरुवारपासून शोभा शाळेत नाही. घरी गेले. आईही तशीच स्थूल. भडकलीच. "लोकांची लेकरं उपाशी हायेत, तिकडं बगा म्हनावं. माझ्या पोरीनं खाल्लं तर सरकारच्या पोटात का दुखतंय?"
तेवढ्यात शोभा आतून म्हणाली, "मी काल जेवलेच न्हाई, आई. ताट गाईला घातलं."
आई तशीच आत गेली, ताट वाढायला.

मंगळ. १२
पुन्हा गेले. आईला सांगितलं, पळणं बंद, नुसतं चालणं. सकाळी शाळेआधी मी नि शोभा, सोलापूर रस्त्यानं. भाकरी-आमटी पोटभर, दुकानातली शेव, रेवड्या नकोत. आई एवढंच म्हणाली, "बगू."

शनि. २३
रोज जातोय. शोभाला दम कमी लागतो आता. आज दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या एकीनं शोभाचा गाल धरला. "लई ग्वाड पोर! आमची कवा अशी व्हनार?"
पुढं गेल्यावर शोभा म्हणाली, "बाई, त्यांनी जाड व्हायचं आन् मी बारीक?"
म्हटलं, सगळ्यांनी धडधाकट व्हायचं.

सोम. १ जाने. १९७३
शोभाला बोलवायला गेले तर मागोमाग आई. डोक्यावर पदर, पायात नवऱ्याच्या चपला. "मला बी दम लागतो, बाई. चार पावलं येते."
आतून सासू, "सून पेठेतनं हिंडनार व्हय आता?"
आई थबकली. शोभानं हात धरून ओढलं. दुकानदार फळ्या काढता काढता बघत राहिले.
तिघी हमरस्त्यापर्यंत जाऊन आलो. आई घामेजली होती, हसत होती. परतलो तेव्हा सासू दारातच उभी. आम्हाला बघूनही बाजूला सरली नाही.