दुसऱ्याला शिकवू शकते

ता. ३, मंगळवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ठकी मजेत आहे, तिला काही झालेलं नाही, एवढं आधी वाच आणि मग खाली बस. झोप उडाली ती एका कागदामुळे. प्रशिक्षण केंद्रात नाव घालताना बाकावर बसून तू माझा फॉर्म भरलास ना, तो कागद.

फोनवर सांगितलं असतं, पण तू बोगद्यात असलास की फोन लागत नाही आणि लागला की तूच बोलतोस. शिवाय आठवड्याला एक पत्र लिहायचंच असा आमच्या बाईंचा नियम आहे. आत काय लिहिलंय ते त्या वाचत नाहीत, पाकिटावरचा पत्ता बघतात फक्त. म्हणून इथे मोकळेपणी लिहिते.

काल बाईंनी प्रत्येकीला आपापला तक्ता दाखवला. बावीस ओळी आहेत. वेळेवर येते. घड्याळ वाचते. भिंतीवरची सूचना वाचून तसं काम करते. फोनवरचा निरोप लिहून घेते. समजलं नाही तर विचारते. चूक झाली तर स्वतःहून सांगते. असं सगळं. प्रत्येक ओळीपुढे चार चौकोन आहेत, अजून नाही, मदतीने, एकटीने आणि दुसऱ्याला शिकवू शकते. पहिल्या दिवशी आपली खूण आपण करायची, तीन महिन्यांनी बाई करतात, आणि दोन खुणांच्या मधे बाण काढतात, सुधारलं तर वर, घसरलं तर खाली. पहिला कागद ऑफिसच्या कपाटात असतो, त्यामुळे बाईंनीही तो कालच पाहिला. सगळ्यांचे बाण वर गेलेत. माझे बावीसच्या बावीस खाली.

खाली जाणार नाही तर काय? तू बावीसही ओळींना शेवटच्या चौकोनात खूण केलीस दादा! म्हणे मी दुसऱ्याला घड्याळ शिकवू शकते. तेव्हा मला छोटा काटा कशाचा आणि मोठा कशाचा तेही सांगता येत नव्हतं. आता घड्याळ येतं, निरोप लिहिता येतो, पण कागदावर मी घसरत घसरत इथवर आलेय. वर्गात माझ्याशेजारी बसणाऱ्या शिंपीणकाकू म्हणाल्या, अगं आलीस तेव्हा मास्तरीण होतीस, आमच्या संगतीनं बिघडलीस. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण वरवर.

कारण इस्पितळाच्या धुलाईघरात आठ जागा निघाल्यात. वीस तारखेला तिथली मुकादमीण येऊन आमचं काम बघणार आहे. पण तक्ता पुढे गेलाय त्यांनाच त्या परीक्षेला बसता येतं. मागे गेला तर नाव कमी, आणि नाव कमी झालं की ठकीचं पाळणाघरही बंद. ठकीच्या बापाने पाठ फिरवल्यापासून तेवढं एकच दार उघडं आहे रे. तेही लागलं तर हिला कडेवर घेऊन मी कुठे कामाला जाऊ?

बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, घरी काही बिनसलंय का. मी म्हणाले, ठकी सारखी आजारी असते. धडधाकट लेकराला मी तोंडाने आजारी पाडलं. आणि अजून एक. फॉर्मच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय की खोटी माहिती दिल्यास प्रवेश रद्द होईल. त्याच्याखाली माझी सही आहे, तू बोट ठेवलंस तिथे केलेली. काल ती ओळ मी न अडखळता वाचली. वाचता यायला लागलं की असंही काही वाचावं लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

काय करू ते लवकर कळव. तू रागावला असशील असं मनात आणत नाही, कारण रागावायची पाळी माझी आहे. तेवढा राग पोटात घालून माया आहे तशी राहू दे.

तुझी,
धाकटी


ता. ८, रविवार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि ठकीला एक गालगुच्चा, हळू.

पत्र मिळालं. जेवणाच्या सुट्टीत घमेलं पालथं घालून त्यावर बसून उत्तर लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझं अक्षर मात्र माझ्यापेक्षा बरं झालंय. आमच्या ड्रिलवाल्या पोरांना पाकीट दाखवलं तर एक जण म्हणाला, दादा, बहीण ऑफिसात आहे काय. मी हो म्हणालो.

मला काय माहीत की हे लोक उंची मोजतात तशी वाढ मोजणार आहेत? मला वाटलं, कमी दाखवलं की दारातूनच परत पाठवतील. आणि खरं सांगू का, एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही. तुला चौथीतून काढलं तेव्हा शाळेत जाऊन सांगणारा मीच होतो. आई अंथरुणाला खिळलेली, घरी कुणीतरी हवं होतं. मास्तर म्हणाले, पोरगी हुशार आहे, का काढता? मी सांगितलं, तिलाच शिकायचं नाही. चौदा वर्षांचा होतो मी. मास्तरांपुढे रडू येईल म्हणून पटकन सुचलं ते बोलून मोकळा झालो. त्या बाकावर तुझा फॉर्म हातात आला तेव्हा मनात तेच घोळत होतं. म्हटलं, या वेळी हिच्या नावापुढे काही कमी पडू द्यायचं नाही. तर हे असं झालं. आगीतून फुफाट्यात.

आता नीट ऐक. सोबत एक अर्ज लिहून पाठवलाय. तो तुझ्या अक्षरात उतरवून बाईंना दे. मुलीच्या आजारपणामुळे माझं लक्ष उडालं, येत होतं ते विसरले, एक संधी द्यावी, असं त्यात आहे. तू आजाराचं बोलूनच बसली आहेस तर तेच धरून चालू. बाकी मी वीस तारखेला येतो आणि केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंशी बोलतो. तू तोंड उघडू नकोस. तुझं तोंड उघडलं की खरं बाहेर पडतं, लहानपणापासूनची खोड आहे.

जेवत जा. काळजी माझ्याकडे दे, माझ्याकडे ठेवायला जागा आहे. आठवण असू दे.

तुझा,
दादा


ता. १४, शनिवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि भांडी घासायला बसले. घासून पालथी घातलेलीच पुन्हा घासली. इतकी वर्षं मला वाटायचं, मी ढ होते म्हणून मास्तरांनी मला परत बोलावलं नाही. त्यांनी विचारलं होतं तर. हुशार म्हणाले होते. दादा, तू चौदा वर्षांचा होतास, तुझ्यावर मी काय रागावू? पण तेवढं वाक्य मला आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

अर्ज उतरवायला घेतला. चार ओळी झाल्या आणि हात थांबला. अक्षर माझं, बोलणं तुझं. म्हणजे पुन्हा तोच फॉर्म झाला की. कागद घडी करून डब्याखाली ठेवलाय, फाडलेला नाही. फाडायची हिंमत असती तर हे पत्रच लिहिलं नसतं.

आता त्याहून वाईट सांगते. बुधवारी केंद्राच्या धुण्याच्या खोलीत माझी पाळी होती. यंत्रावर कागद लावलाय की लोकरीला थंड पाणी. तो मी वाचला. पाळणाघरातली पांघरुणं समोर होती. ती लोकरीत धरायची की सुतात, ते मला कळेना. बाई चार पावलांवर उभ्या होत्या. विचारायचं होतं एवढंच. पण मनात आलं, माझ्या तक्त्यावर लिहिलंय की मी दुसऱ्याला शिकवू शकते, आता मी विचारू कशी? विचारलं तर त्यांना कळेल की मला तेव्हाही येत नव्हतं. म्हणून गरम पाणी लावलं. सहा पांघरुणं बाहुलीला पुरतील एवढी होऊन बाहेर आली.

बाईंनी विचारलं, यंत्र कुणी लावलं. मी गप्प. यंत्रातून ती बाहेर काढली होती शिंपीणकाकूंनी, म्हणून नुकसानीची खूण त्यांच्या नावापुढे पडली. त्यांनी मला यंत्र लावताना पाहिलं होतं. तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. नंतर नळावर हात धुताना एवढंच म्हणाल्या, लेकीला नवं पांघरूण बघ हो, तिचंही त्यातच होतं. काकू कडू बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

तेव्हा मला वाटलं, बाण खाली काढलाय तो काही अगदीच चूक नाही.

मी घाबरलेय, दादा. सांगितलं तर जागा जाईल. नाही सांगितलं तर जागा मिळेल, पण ते इस्पितळ आहे. कुठला गठ्ठा कुठल्या पाण्यात, कुठला वेगळा धुवायचा, हे मला तिथे रोज विचारावं लागणार. मी अशीच गप्प राहिले तर तिथे नुसती पांघरुणं आटायची नाहीत, एकाचा आजार दुसऱ्याला जाईल. काल ठकी आटलेलं पांघरूण डोक्याला बांधून नाचत होती. मला हसू आलं आणि मग रडूही.

तू येऊ नकोस असं म्हणवत नाही, ये म्हणायलाही जीभ रेटत नाही. तुझ्या मनात मला जागा आहे हे ठाऊक आहे, ती हे वाचूनही असू दे.

तुझी,
धाकटी


ता. १८, बुधवार

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आजच हातात पडलं. उत्तर टपालाने वेळेत पोचायचं नाही, म्हणून आमच्या खडीच्या ट्रकवाल्याकडे देतोय, तो उद्या तुझ्या दारात टाकेल.

वेडाबाई आहेस. पांघरुणांचं कुणाला सांगितलं नाहीस ना? मग सांगू नकोस. रजा मिळाली आहे. शुक्रवारी पहाटेच्या बसने निघतो, अकराला केंद्राच्या फाटकात पोचतो. तिथून थेट मोठ्या बाईंच्या खोलीत. काय बोलायचं ते पाठ केलंय, मुकादमालाही म्हणून दाखवलं. तो म्हणाला, वकील व्हायला हवं होतंस. वेळ पडली तर यंत्र बिघडलं होतं असंही म्हणता येईल, कुठलं यंत्र बिघडत नाही?

तू आपली परीक्षेला बस आणि गप्प राहा. एवढं या भावासाठी कर. भेटीत सगळं बोलू.

तुझा,
दादा


ता. २०, शुक्रवार, सकाळचे सव्वादहा
फाटकावरची निरोपवही

ही वही उघडून जे कोणी वाचतील त्यांना,
स. न. वि. वि.

निरोप थोडक्यात लिहावा असं आम्हाला शिकवलंय. माझा लांबतोय, माफ करा. राखणदारदादा खुर्चीवर नाहीत. आमचे फोन पेटीत जमा झालेत आणि साडेदहाला मला आत धुण्याच्या खोलीत जायचंय. इस्पितळाच्या मुकादमीणबाई आल्यात. दोन वाजेपर्यंत बाहेर येता येणार नाही.

माझा मोठा भाऊ अकराला इथे येणार आहे. बसमध्ये असेल. उंच आहे, कपड्यांवर सिमेंटचे डाग असतील आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत असेल, कारण त्याने बोलायचं पाठ केलंय. तो तरातरा मोठ्या बाईंच्या खोलीकडे जाईल. त्याला जाऊ देऊ नका.

कारण मी जाऊन आलेय. सकाळी नऊला एकटीच गेले. दारातच उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फॉर्म मी भरला नव्हता, शाळेतलं विसरल्याने मला तेव्हा धड वाचता येत नव्हतं, पण सही माझी आहे. माझी मुलगी आजारी नाही, ते मी खोटं बोलले. पांघरुणं मी आटवली, शिंपीणकाकूंनी नाही. भावाचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही, त्यांनी विचारलं तेव्हा मात्र सांगितलं.

मोठ्या बाईंनी कपाटातून माझा फॉर्म काढून तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी आमच्या बाईंना बोलावलं, दोघी आत काहीतरी बोलल्या, आणि मला एक कोरा तक्ता दिला. म्हणाल्या, पहिल्या दिवशी तू जशी होतीस तशी खूण कर, आणि या वेळी कुणाला विचारू नकोस. मी पाऊण तास बसले. सोळा ठिकाणी अजून नाही, चार ठिकाणी मदतीने. वेळेवर येते आणि हात स्वच्छ ठेवते, या दोन ओळींना एकटीने. ते मला पहिल्यापासून येत होतं.

शिंपीणकाकूंची खूण पुसली. माझ्या नावापुढे पडली, ती राहणार आहे. आज परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. जागा मिळेल की नाही ते मुकादमीणबाई काम बघून ठरवतील. काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, आता आत गेल्यावर तोंड शिवून बसू नकोस म्हणजे झालं. बसणार नाही. समजलं नाही तर विचारीन, दहा वेळा विचारीन.

भावाला एवढं सांगा की धाकटीने स्वतः सांगितलंय, आता त्याने काही बोलायचं नाही, ना तिच्या बाजूने, ना यंत्राच्या. तो ऐकायचा नाही, एकदा तरी वाद घालेल. पाळणाघरात ठकी आहे, तिला बाहेर घेऊन बसायला सांगा. पहाटेपासून उपाशी असेल तो. त्याला ओरडू नका, त्याने जे केलं ते मायेनेच केलं.

त्याचा नंबर शेजारच्या समासात लिहिलाय. माझा नऊ एकासारखा दिसतो, म्हणून जिथे नऊ आहे तिथे अक्षरात नऊ लिहिलंय. आतून हाका मारतायत. वाचलंत की आधी त्याला फोन करा, मग वही मिटा. तुमचे उपकार राहतील. माझ्या भावाला तेवढा फोन करा.

ठकीची आई