दोन वेळा भाजी

४ डिसेंबर १९८७
मी, वसंत नारायण घोरमाडे, वय त्रेपन्न, बी. कॉम., राहणार पांढुर्णा, मध्य प्रदेश, सौसरच्या एका शाळेत वाणिज्य विषयाचा शिक्षक. ही नोंद मुलीच्या आहाराविषयी ठेवत आहे. हेतू एकच, सत्य काय ते कळावे.
सुनंदा, वय सतरा, परवा खो-खोच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. तिच्या शाळेचा संघ जानेवारीत जबलपूरला जाणार, ती त्यात आहे. रक्त तपासले. हिमोग्लोबिन नऊ, बारा हवे. लोहाच्या गोळ्या तिच्या पोटाला मागेही सोसल्या नव्हत्या, म्हणून सारी भिस्त आहारावर. डॉक्टर रीव्याकडचे, हिंदी भाषक. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले: "मास्टरजी, बिटिया को रोज दोनों टाइम भाजी खिलाइए. गुड़-चना दीजिए. खाने के साथ चाय बंद." महिन्याने पुन्हा तपासणी. रक्त वाढले नाही तर जबलपूर नाही, हे मी घरी स्पष्ट सांगितले.

६ डिसें.
अंमल सुरू. सकाळी वांगे-बटाटे, संध्याकाळी फुलकोबी. सुनंदाने दोन्ही वेळा वाटी संपवली. चहा मागितला नाही. इतकी आज्ञाधारकता तिच्यात पूर्वी दिसली नव्हती.

११ डिसें.
शाळेचा डबा, पोळी-भाजी आणि गूळ-फुटाण्यांचा, रिकामा येतो, हे ठीक. पण धुतलेला येतो. शाळेतला डबा कोणती मुलगी धुऊन आणते? सौ.ना विचारले.
"अजी, धुतला तरी वांधा, नाही धुतला तरी वांधा. पोरीनं करावं तरी काय?"
हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

१५ डिसें.
तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीच. शाळेच्या फाटकासमोर आलुबोंड्याची गाडी लागते असे कळले. पोट तिथे भरत असावे, डबा मैत्रिणीकडे जात असावा. पुरावा नाही.

१८ डिसें.
किरकोळ रजा. मधल्या सुट्टीत सायकल-दुरुस्तीच्या दुकानाआड उभा राहिलो. गाडीवर पुष्कळ मुली, सुनंदा नाही. ती नळावर डबा धूत होती. तिथूनच तिने मला पाहिले.
"बाबा, तुम्ही इथं काय करून राहिले?"
"सायकलचं काम होतं."
"सायकल तर घरी उभी आहे."
तिची मैत्रीण कुंदा मध्येच म्हणाली, "काका, आलुबोंडा खाता का? गरम आहे." नको म्हणालो.
डबा का धुतेस, विचारले. दप्तराला तेलाचा वास लागतो म्हणे. कारण पटण्याजोगे होते. फारच पटण्याजोगे.

२६ डिसें.
आता दोन्ही वेळा तिच्या समोरच जेवायला बसतो. सुट्टीच्या दिवशी गूळ-फुटाणेही समोरच. काल म्हणाली, "तुम्ही असे पाहून राहिले की घास उतरत नाही." न उतरण्याचे कारण माझे पाहणे, की आधीच बाहेर काही...

४ जानेवारी १९८८
तपासणी. नऊच.
मी डॉक्टरांना तिच्या समोरच म्हणालो, मुलगी जे सांगते आणि जे खाते, त्यांत तफावत असावी. ती जमिनीकडे पाहत राहिली. डॉक्टरांनी विचारले, भाजी कोणती दिली? मी ही वही उघडून वाचून दाखवली. वांगे-बटाटे, फुलकोबी, दोडके, पानकोबी, वाटाणे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.
"मास्टरजी, यह तो सब्जी हुई. मैंने भाजी कहा था. पालक, मेथी, चौलाई."
त्यांच्याकडे भाजी म्हणजे पाला. आपल्याकडे फोडणीत पडेल ती भाजी. शब्द मी अचूक उतरवला होता, अर्थ आपल्या घरचा घेतला. महिनाभर ती मी सांगितले तेच, सांगितले तितकेच खात होती.
दुसऱ्या गोळ्या दिल्या. जेवणानंतर संत्रे खावे, त्याने पाल्यातले लोह अंगी लागते, असे म्हणाले. घरापर्यंत सुनंदा माझ्या चार पावले पुढे चालली.

५ जाने.
सकाळी पालकाची डाळभाजी, संध्याकाळी चवळई. वाढता वाढता सौ. म्हणाल्या, "महिनाभर पोरीले चोर ठरवलं. आता तिले सांगा तं खरं, का चुकलो म्हणून."
सांगतो म्हणालो. सांगितले नाही.

९ जाने.
सांगितले. शब्द असे: "डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ लावण्यात माझ्याकडून चूक झाली."
सुनंदा म्हणाली, "ती भाजीची झाली, बाबा. डब्याची कोणाची?"


१२ जाने.
शाळेतून संमतीपत्र आले. १६ तारखेपर्यंत सही करून द्यायचे. डॉक्टरांकडे एकटाच गेलो. रक्त इतक्यात वाढणार नाही, म्हणाले. जाऊ द्या, थोडे खेळू द्या, मात्र डोके जरा हलके वाटले तरी तिने त्याच क्षणी सांगून बाहेर बसले पाहिजे. "बिटिया खुद बताएगी न?" मी मान हलवली, होकाराची की नकाराची, मलाही सांगता येणार नाही.
घरी तिला विचारले.
"सांगीन. पण मी ठीक आहे म्हटलं, तर ते मानान का तुम्ही?"

१५ जाने.
संध्याकाळी मेथी. ताटावरून उठताना सुनंदाने भिंतीला हात टेकला. काय झाले, विचारले. "पायाला मुंग्या आल्या." खरे असेल. मांडी घालून बसले की माझ्याही येतात. पुन्हा विचारावेसे वाटले. विचारले नाही.
कुंदा आली होती. आतून ऐकू आले: "तुझे बाबा सही करतीन का वं?" सुनंदा म्हणाली, "माहीत नाही." कुंदा म्हणाली, "पहिले तुझ्याकडून डबा खाल्ल्याची सही घेतीन." दोघी हसल्या. सुनंदा जरा कमी हसली.
संमतीपत्र समोर आहे. छापील वाक्य असे: 'पाल्याच्या प्रकृतीविषयी माझी पूर्ण खात्री आहे.' प्रकृतीविषयी माझी खात्री नाही. पाल्याविषयी आहे का, हे तीन वेळा स्वतःला विचारले. 'पूर्ण' हा शब्द खोडून केलेली सही चालेल का, हे मुख्याध्यापिकांना विचारावे लागेल. शाळा साडेदहाला उघडते.

वसंत नारायण घोरमाडे
पांढुर्णा, १५ जानेवारी १९८८