खोलीत जेवणाचा वेगळा आकार

जहाजावरून, केबिन ७११४
दि. ४ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि. (साष्टांग घालायला केबिनमध्ये जागा नाही, पाय दाराबाहेर जातात. उभ्या उभ्या घातला असं मानून घे.)

आम्ही दोघं सुखरूप आहोत. आई शेजारच्या ७११६ मध्ये आहे. वेगळी केबिन तिनेच मागितली. घोरणारा नवरा चाळीस वर्षं सोसला, आता घोरणारा मुलगा सोसायचा नाही म्हणाली. आमच्या हिला रजा मिळाली नाही याचं मला वाईट वाटतं. हिला वाटत असावं असं दिसलं नाही. समुद्रावरून फोन फार महाग, शिवाय मधली भिंत पापडासारखी, मी इकडे बोललो की आईला तिकडे ऐकू जाणार. म्हणून आपली जुनीच रीत: कागदावर पत्र, आणि बंदर लागलं की त्याचा फोटो तुला.

तिकीट विकणारा म्हणाला होता की तिकिटात सगळं आलं. ते झालं सूत्र. त्यावरचं भाष्य खोलीतल्या टीव्हीवर रोज वाचायला मिळतं. बाटलीतलं पाणी वेगळं, कॉफी वेगळी, आणि जेवण खोलीत मागवलं तर प्रत्येक खेपेला वेगळा आकार, वर सेवेचे अठरा टक्के. तेच जेवण पाच मजले वर फुकट. लिफ्टचा कंटाळा एवढा महाग असतो हे बावन्नाव्या वर्षी कळलं.

हा कंटाळा आपल्या मातोश्रींना आला आहे. रोज दोनदा. पहिल्या दिवशी लाटांमुळे, दुसऱ्या दिवशी गुडघ्यामुळे, तिसऱ्या दिवसापासून कारण सांगणंही बंद. हॉलमध्ये आमच्या टेबलावर एक निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची बायको असतात. रिकाम्या खुर्चीकडे बघून काल त्यांनी मला विचारलं, की तुम्हाला आई आहे ना नक्की.

तू सांगितलं होतंस ते विसरलो नाही. वीस दिवस जवळून बघ, तिला एकटीने राहणं जमतं का, मग तिच्या घराचं ठरवू. तर जमतं, ताई. महाराणीसारखं जमतं.

लोभ आहेच, तो वाढवावा. त्यावर जहाजवाल्यांनी अजून टक्के लावलेले नाहीत.

तुझा
भाऊ

*

दुकानातून
दि. ६ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पंडित, तुमचं पत्र पोचलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा काउंटरमागे बसून वाचलं. हसले. मग खाली पाहिलं आणि हसू गेलं. आईची ओळ कुठे आहे?

घरातल्या कोणीही पत्र लिहिलं तरी शेवटची ओळ आईच्या हातची, हे बाबांपासून चालत आलंय. तू कॉलेजातून लिहायचास तेव्हा मात्र ती नसायची, आणि म्हणूनच तुझ्या मार्कांवर आम्ही विश्वास ठेवत नसू. शेजारच्या खोलीत आहे ना ती? मग कागद तिच्याकडे का नाही गेला?

मला उगाच घोर लागलाय असं म्हणशील. म्हण. जानेवारीत मी तिच्याकडे गेले होते तेव्हा तासभर जिन्यात बसून होते. बेल वाजवत होते, आतून ती आले आले म्हणत होती, पण दार काही उघडत नव्हतं. उघडल्यावर म्हणाली, डोळा लागला होता. डोळा लागलेलं माणूस आले आले म्हणतं का? घराची किल्ली एकच, तीही तिच्या कमरेच्या बटव्यात. दुसरी करून मला दे म्हटलं, तर म्हणाली, माझ्या घरात मी मेल्यावर शिरा. हे असं बोलणं. म्हणून मी तुला ते वीस दिवस जवळून बघायचं लिहिलं होतं. मला तिचं घर काढून घ्यायची हौस नाही.

जेवणाच्या बिलावरून तिचा जीव खाऊ नकोस, अर्धं माझं.

तब्येतीला जप, आणि आहे तेवढी माया असू दे.

तुझी
ताई

*

जहाजावरून
दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद घेऊन गेलो होतो. आधी म्हणाली चष्मा बॅगेत तळाशी आहे. चष्मा काढून दिला. मग म्हणाली, लिहू काय, समुद्र मोठा आहे हे तिला माहीत आहे, तूच लिही. तेव्हा शेवटी तिच्या वतीने मीच लिहितो आहे. मुखत्यारपत्र मिळालं असं समज.

दुसरी बातमी. बिलाचा बंदोबस्त केला. खाली काउंटरवर जाऊन सांगितलं, की ७११६ मधून खोलीत जेवणाची मागणी घेऊ नका. तिथल्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आईचं पाणी तोडतोय. पण सही घेतली. बाहेर पडताना छाती थोडी फुगली होती हे कबूल करतो. पैशासाठी केलं असं समजू नकोस. म्हणजे, अगदीच नाही असंही नाही. पण चार माणसांत येऊन बसेल, कोणाशी बोलेल, दंतवैद्यांची खात्री पटेल, हाच हेतू.

ती हॉलमध्ये अजून आलेली नाही. मी सातला जेवतो. ती म्हणते, तिला एवढा उशीर चालत नाही, पाचलाच वर बुफेत जाऊन खाऊन येते. बंदीबद्दल चकार शब्द काढला नाही. मी भांडणाच्या तयारीत होतो, त्यामुळे जरा हिरमोड झाला. चेहरा उतरलाय. ऊन लागलं म्हणाली.

लोभ कमी झाला असेल तर पुन्हा भरावा.

तुझा
भाऊ

आईचे अनेक आशीर्वाद.

*

दुकानातून
दि. १० मार्च, सकाळ

भाऊ,
आशीर्वाद वगैरे खाली.

तुझ्या अक्षरातले आईचे आशीर्वाद पाहिले आणि बिस्किटाचा डबा खाली काढला, ज्यात मी तिच्या ओळी असलेली सगळी पत्रं ठेवते. अठ्ठावीस वर्षं मी डॉक्टरांची अक्षरं वाचून पोट भरते आहे, आणि आईचं अक्षर कधी नीट पाहिलं नाही. गेल्या ऑगस्टात तिचं अक्षर वाटाण्याएवढं आहे. डिसेंबरात मोहरीएवढं. जानेवारीच्या ओळीत पहिला शब्द वाचता येतो, शेवटचा मुंगीसारखा कागदावरून निघून गेलाय. फेब्रुवारीपासून ओळच नाही.

अशी अक्षरं बारीक होत जाणारी माणसं माझ्या काउंटरवर येतात. सुटे पैसे त्यांना बोटांनी उचलता येत नाहीत, मी त्यांच्या तळहातावर ठेवते. ती कुठली गोळी नेतात ते मला पाठ आहे. आजाराचं नाव लिहीत नाही. डॉक्टरला लिहू दे.

ती बुफेत जाते हे कोणी पाहिलं? ताट घेऊन रांगेत उभी राहिलेली तू पाहिलीस? आधी खाली जा आणि ती बंदी काढ. मग पत्र लिही.

ताई

*

जहाजावरून
दि. ११ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र बंदरात आज दुपारी मिळालं. त्याआधी सकाळीच सगळं कळलं होतं. शोधून काढणारा मात्र मी नव्हे.

आमच्या रांगेतल्या केबिनी झाडायला एक बाई येतात. आपल्याच वयाच्या. त्यांनी मला बोळात अडवलं आणि बाहीला धरून ७११६ मध्ये नेलं. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे. बाईंनी टेबलाचा खण उघडून दाखवला. आत साखरेच्या पुड्या, चहाच्या ट्रेमधली बिस्किटं, आणि घडी करून ठेवलेला एक नॅपकिन. दोन दिवस ती एवढ्यावर होती. फोन उचलला की पलीकडून सांगत, या खोलीला सेवा नाही. सकाळचा फुकटचा नाश्तासुद्धा माझ्या सहीने बंद झाला होता. मला ते कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

बाईंनी मोडक्या इंग्रजीत जे सांगितलं ते असं. आई नेहमी एकच मागवायची: झाकणाच्या मगमध्ये सूप, नळी, आणि पावाचे तुकडे करून. हात थरथरतो. काटा तोंडापर्यंत येईतो रिकामा होतो. पहिल्या दिवशी तिने सूप अंगावर सांडलं आणि कपडे बेसिनमध्ये स्वतः धुतले. दुसऱ्या दिवसापासून बाई स्वतःच्या सुट्टीतली दहा मिनिटं काढून तिच्यासमोर तो मग धरून बसत. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. त्यांचं छान चाललं होतं.

जहाजाच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. आता बरी आहे. त्याचाही आकार वेगळा असेल. मी टीव्ही लावलेला नाही.

मी आईला विचारलं, की मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, परीक्षा घेणाऱ्याला कोणी सांगतं का, मला येत नाही म्हणून.

ताई, तुझं ते पत्र, वीस दिवस जवळून बघ असं लिहिलेलं. तिची बॅग भरायला गेलो होतो तेव्हा मी ते तिच्याच घरी वाचलं, आणि वाचून झाल्यावर तिच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवलं. बाबांची शिकवण: घरात आलेलं पत्र काचेखाली, सगळ्यांनी वाचावं. पन्नास वर्षं हात तेच करत आला, त्यानेच केलं. शाळेत मुलांना सांगतो की वाचलेल्याचा अर्थ समजून घ्या.

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. तिने माझ्या नजरेपासून चमचा लपवला, आणि मी तो चमचाच काढून घेतला.

बंदी उठवली आहे.

भाऊ

*

घरून
दि. १२ मार्च

चि. भाऊस,
आशीर्वाद, या वेळी दुप्पट.

ते पत्र तू काचेखाली ठेवलंस, पण लिहिलं मी होतं. दार उघडायला तासभर का लागला हे मी तिला विचारायला हवं होतं. त्याऐवजी तिची चौकशी तुझ्यावर सोपवली. तिला कडी सरकवता येत नव्हती रे. आतून आले आले म्हणत ती त्या कडीशी झटत होती आणि मी बाहेर घड्याळ बघत होते.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे, एकोणतीस तारखेची. गोळ्यांनी हात थोडा थांबतो, हे मी रोज पाहते. तिला सांग. घाबरवू नकोस, तुझे अलंकार वापरू नकोस, सरळ सांग. आणि घराबद्दल मी काही ठरवत नाही. तूही नको. तिला काय हवं ते तिनेच लिहावं. जमेल तेवढं, जमेल तसं. मी वाट बघते.

तुझी
ताई

*

जहाजावरून, केबिन ७११६
दि. १५ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, या वेळी खरोखरचा. डोकं कपाटाला लागलं.

मी आता आईकडेच जेवतो. पलंगावर ट्रे, दोन मग, दोन नळ्या. माझा हात थरथरत नाही, पण नळीने सूप प्यायला बरं वाटतं असं मी तिला सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही आणि हसली. दंतवैद्यांच्या टेबलावर आता दोन खुर्च्या रिकाम्या असतात. केबिनच्या बाई दारातून डोकावतात, सुपाचा मग आईच्या हाती नीट आहे ना बघून जातात. माझ्यावर त्यांचा अजून भरवसा नाही.

डॉक्टरचं सांगितलं. ऐकून घेतलं. एकोणतीसला येईन म्हणाली, पण आत माझ्याबरोबर कोणी यायचं नाही. मग तुझं पत्र वाचून दाखवलं, कडीच्या भागासकट. त्यावर तिने चष्मा मागितला.

खालची ओळ लिहायला तिला पाऊण तास लागला. एक कागद फाटला. पेन दोनदा खाली पडलं. पहिल्यांदा मी उचलायला वाकलो तर तिने माझ्या हातावर चापट मारली, म्हणून दुसऱ्यांदा बघत बसलो. आयुष्यात एवढा वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही. अक्षर लागलं नाही तर तू आहेसच, अठ्ठावीस वर्षांचा सराव आहे.

लोभ असावा. आमच्यापेक्षा तिच्यावर जास्त.

तुझा
भाऊ

ताई, भाऊला रागवू नको. सूप गार येतं. मी माझ्याच घरी राहणार. किल्ली दुसरी करून घे.
आई