रोज चालते ती

६ जानेवारी
पुन्हा आली. जाड होते तेव्हा महिनोन्‌महिने पाळी यायची नाही, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं. आता वजन उतरलं तर मागचं सगळं उट्टं काढायला आल्यासारखी येते. ओटीपोटात नुसते पिळे. कंबर तर माझी नाहीच.

डॉक्टरीणबाईंनी माझं पोट लहान केलं तेव्हाच बजावलं होतं — नेहमीच्या त्या दुखण्याच्या गोळ्या आता आयुष्यात नाहीत. लहान केलेल्या पोटाला आतून जखम होते. पॅरासिटामॉल घ्या, शेक घ्या. पॅरासिटामॉल घेतली. ढिम्म फरक नाही.

म्हणून आज शिवणघरात एक उद्योग केला. इस्त्रीच्या टेबलावरचं जाड फडकं तापवलं, घडी केली, आणि माप घ्यायच्या पडद्यामागे जाऊन पोटावर धरून उभी राहिले. काय बरं वाटलं! फडकं गार झालं तशी बाहेर आले, चेहरा सरळ करून.

७ जानेवारी
ऑपरेशनचं फक्त ह्यांना आणि आईला माहीत. बाकी जगाला पित्ताशयाचं सांगितलंय. आणि वजन? चालून उतरलं! मी, जी एक मजला चढायचा म्हटलं तरी लिफ्टची वाट बघत बसते.

नणंद परवाच फोनवर कुणाबद्दल तरी म्हणत होती, "तोंड आवरता येईना म्हणून पोट कापून घेतलं बाईनं." मी म्हटलं, हो का.

९ जानेवारी
एक गिऱ्हाईक आलं होतं. मला खालून वर बघत राहिली. "अहो, अर्ध्या झालात! काय केलंत तरी काय?" तेवढ्यात कात्रीबाई — आमच्याकडे कापड तीच कापते, सगळ्यांत जुनी आहे — मान वर न करता म्हणाली, "चालते ती. रोज."

इतक्या खात्रीनं म्हणाली की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढा विश्वास! आणि मी तिच्या डोळ्यांत धूळ फेकतेय.

२ फेब्रुवारी
परत तेच. आणि आज पकडले गेले. पडद्यामागे फडकं धरून उभी होते आणि शेजारीण आत आली. शेजारीण म्हणजे माझ्या बाजूच्या मशिनवरची, मनानं सोनं, जिभेला मात्र ब्रेक नाही. "अगं बाई, पोट शेकतेयस होय? मला सांगायचं नाही? थांब." पर्समधून गोळी काढली. तीच. नावासकट ओळखली मी.

"नको गं."

"का? चालत नाही का तुला?"

आता काय सांगू? का चालत नाही म्हटलं की धागा ओढला जाणार आणि सगळी शिवण उसवणार. ती पाण्याची बाटली धरून समोर उभी. मी गिळली.

तासाभरात दुखणं पार गेलं. इतकं गेलं की रडू आलं.

३ फेब्रुवारी
आजही घेतली. ह्या वेळी मी मागितली.

४ फेब्रुवारी
हे विचारत होते, "शेकानं बरं वाटतंय का?" हो म्हटलं. आता घरातही खोटं. आधी निदान उंबऱ्याच्या बाहेर होतं.

२८ फेब्रुवारी
शेजारणीनं आज पाकीटच माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. "तुझी तारीख जवळ आली ना? दर वेळी काय मागत बसायचं." किती जीव लावते. मला तिच्याकडे बघवेना.

२ मार्च
सकाळी एक, दुपारी एक. पोटात वर, छातीच्या खाली आग होतेय. पाणीसुद्धा झोंबतं. बाटलीच्या झाकणात ओतून घोट घोट पितेय, ऑपरेशननंतर कामावर परतले तेव्हा प्यायचे तसं.

मला ठाऊक आहे हे काय आहे ते. ठाऊक असून घेतेय. लोकांनी मला मेहनती म्हणावं म्हणून! लाज वाटते. आणि लाज वाटूनही उद्या डबा घेऊन निघताना तेच पाकीट आठवणार, हेही ठाऊक आहे.

३ मार्च
शौचाला काळं झालं. डांबरासारखं. ह्यांना सांगितलं नाही.

५ मार्च, हॉस्पिटल
मशिनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारीण म्हणते, सुईवरच कलंडणार होतीस, कात्रीबाईनं मागून धरलं.

नळी घालून बघितलं. आत व्रण झालाय, रक्त वाहत होतं. थांबवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या घेतल्या होत्यात?" मी म्हटलं, एकदाच. त्या खुर्ची ओढून खाटेजवळ बसल्या. मग मी सगळं सांगितलं. हे खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"अगं, तू मेली असतीस," एवढंच म्हणाले. ह्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

पाळीच्या दुखण्यासाठी बायकांच्या डॉक्टरकडे पाठवणार आहेत, ह्या पोटाला चालेल असा दुसरा इलाज असतो म्हणे. फक्त विचारायचं होतं. तेवढंही मी केलं नाही.

११ मार्च
उद्या कामावर. सांगून टाकायचं ठरवलंय. हसले तर हसले. कात्रीबाईच्या नजरेतून उतरले तर उतरले. हेच सगळ्यांत जड जाणार आहे.

१२ मार्च
सांगितलं. चहाच्या वेळी, सगळ्या असताना. कुणीच दचकलं नाही. कात्रीबाई कात्री खाली ठेवून म्हणाली, "अगं, पित्ताशय काढलेला माणूस बाटलीच्या झाकणानं पाणी पितो होय? आणि तुझ्या ब्लाउजचं माप मीच घेते ना? चालून कुणी इतक्या झपाट्यानं उतरतं? आम्हाला सगळ्यांना पहिल्यापासून माहितीये. तू चालते म्हणालीस, मग आम्हीही चालते म्हणालो."

शेजारीण मात्र पदर तोंडाला लावून रडत होती. "सगळं माहीत होतं गं. गोळी चालत नाही, एवढंच नव्हतं."